झिजेचा जमाखर्च

काशीच्या गंगातीरावर नारद घाट आणि खोरी घाट यांच्या मध्ये जो घाट आज राजा घाट या नावाने ओळखला जातो, त्याला पूर्वी अमृतराव घाट म्हणत असत; आणि ज्या अमृतरावांचे हे नाव, ते रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र, पेशवाईच्या अखेरच्या पर्वात गादीच्या अगदी जवळ येऊन गादीपासून कायमचे दूर झालेले एक कर्तबगार पुरुष होते. 1802 साली होळकरांनी पुणे जिंकल्यावर पेशवे बाजीराव वसईस निघून गेले, तेव्हा कारभार अमृतरावांच्या हाती आला. पण वसईच्या तहाने बाजीराव इंग्रजी फौजेच्या आश्रयाने परतले, आणि 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीशी झालेल्या करारान्वये सालीना सात लाख रुपयांची तैनात पत्करून अमृतरावांनी दक्षिणेचा निरोप घेतला. चित्रकूटजवळ कर्वी येथे त्यांनी वास्तव्य केले, काशीत घाटाचा जीर्णोद्धार केला, देवालये उभारली, अन्नदानाची तजवीज लावून दिली, आणि 1824 साली काशीतच त्यांचा देह पडला.

त्या घाटाच्या पायऱ्या वालुकाश्माच्या आहेत, आणि सुमारे सव्वादोनशे वर्षांत असंख्य पावलांनी व दर वर्षाकाठी येणाऱ्या पुराच्या गाळमिश्रित पाण्याने त्यांच्या कडा गोलावल्या आहेत. त्या पायऱ्या चढउतार करणाऱ्यांमध्ये दक्षिणेकडून येणारे वृद्ध यात्रेकरू बरेच असतात; आणि अलीकडच्या काळात त्यांच्यापैकी कित्येकांच्या गुडघ्यात वा खुब्यात, ज्याला घराघरांतून आपण ‘वाटी बदलली’ असे म्हणतो, तसा एक कृत्रिम सांधा बसविलेला असतो. कोबाल्ट-क्रोमियमच्या चकचकीत मिश्रधातूचा पृष्ठभाग आणि त्याखाली पॉलिएथिलीन नामक शुभ्र प्लॅस्टिकची गादी, अशी ती जोडी असते. प्रत्येक पायरीगणिक धातू प्लॅस्टिकवरून सरकतो, आणि प्रत्येक सरकण्याबरोबर प्लॅस्टिकचा अंशमात्र नाहीसा होतो. दगड यात्रेकरूच्या पावलाने झिजतो, आणि यात्रेकरूच्या आत आणखी एक झीज गुपचूप चाललेली असते.

या दृश्याने धर्मचिंतनातील एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसऱ्याच्या सहवासात आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडता पडता मनुष्याचे जे झिजणे होते, ते पुण्य समजावे की नुसता ऱ्हास? आणि ज्ञानी पुरुषाने या झिजेपासून स्वतःला वाचवावे, की तिच्यात स्वखुशीने उभे राहावे? माझी अशी दृढ समजूत आहे की या प्रश्नाला आपण परंपरेने जी दोन उत्तरे देत आलो आहोत, ती दोन्ही अपुरी आहेत, आणि त्यांचे अपुरेपण धातूवर घासणाऱ्या प्लॅस्टिकच्या इतिहासातून फार स्वच्छपणे दिसते.

पहिले उत्तर मराठी मनाला अतिशय प्रिय आहे. सहाणेवर चंदनाचे खोड झिजते आणि झिजताना सुगंध देते, म्हणून सत्पुरुषाने तसे झिजावे, असे आपण बाळपणापासून ऐकतो. मृत्युलेखांत, मानपत्रांत, आईविषयीच्या प्रत्येक भाषणात ते चंदन हटकून येते. या उत्तरात झीज हीच स्वतःसिद्ध पुण्यरूप ठरते, आणि जो जितका अधिक झिजला तितका तो थोर असा हिशेब होतो. दुसरे उत्तर वेदान्ताच्या घाईघाईने केलेल्या वाचनातून निघते. आत्मा असंग आहे, बृहदारण्यकात याज्ञवल्क्यांनी त्याचे तसे वर्णन केले आहे, तेव्हा शहाण्याने संसारात अशा रीतीने वावरावे की कोणत्याही गोष्टीने त्याला धरू नये आणि त्याने कोणत्याही गोष्टीला धरू नये. संपर्क घडावा, पण घर्षण घडू नये. पहिले उत्तर झिजेची स्तुती करते, दुसरे घर्षणाचा निषेध करते. झीज आणि घर्षण या दोहोंना मात्र दोन्ही उत्तरे एकच वस्तू समजतात, आणि प्रमादाचे मूळ तेथेच आहे.

जे कमी घासते ते कमी झिजते, असे सामान्य बुद्धीला वाटते, आणि इंग्लंडमधील विख्यात शल्यचिकित्सक जॉन चार्नले यांनाही प्रथम तसेच वाटले होते. राइटिंग्टन येथील रुग्णालयात 1958 च्या सुमारास त्यांनी खुब्याच्या उखळीच्या सांध्यासाठी टेफ्लॉनची वाटी बसवावयास आरंभ केला. टेफ्लॉनचा शोध रॉय प्लंकेट यांना 1938 साली अमेरिकेत जवळजवळ अपघाताने लागला होता, आणि ज्ञात घन पदार्थांमध्ये त्याचा घर्षणांक अत्यल्प, म्हणजे अनुकूल परिस्थितीत चार-पाच शतांश इतकाच भरतो. घर्षण नाहीसे केले की सांधा चिरकाल टिकेल, हा चार्नले यांचा सिद्धान्त होता. आपल्या शस्त्रक्रियेला त्यांनी नावच अल्पघर्षणाचे दिले होते, आणि घर्षणाचा पीळ कमी व्हावा म्हणून धातूच्या गोळ्याचा व्यासही त्यांनी सव्वाबावीस मिलिमीटरांपर्यंत खाली आणला होता. सुमारे तीनशे रुग्णांवर ही योजना अमलात आली, रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले, आणि दोन-तीन वर्षांच्या आत वाट्या झपाट्याने झिजून सांधे निकामी होऊ लागले. ज्या पदार्थावरून सर्व काही सर्वात सहज घसरत होते, तोच पदार्थ सर्वात लवकर नाश पावत होता.

याचे कारण पदार्थाच्या अंतरंगातच आहे. टेफ्लॉनचे रेणू लांब, ताठ आणि बाहेरून गुळगुळीत असून त्यांचे परस्परांशीही काही घट्ट नाते नसते. बाहेरच्या वस्तूला ते धरत नाहीत त्याच कारणाने ते एकमेकांनाही धरत नाहीत, आणि म्हणून भाराखाली त्यांचे थर पत्त्यांप्रमाणे सरकून सुटतात. त्यांचे घसरणे आणि त्यांचे विखुरणे ही एकाच गुणाची दोन फळे आहेत.

आपण ज्याला वैराग्य म्हणून गौरवितो, त्यातील बराच मोठा भाग मला या जातीचा वाटतो. ज्याला कोणाचेच काही लागत नाही, कोणाच्या दुःखाने ज्याच्या मनावर रेघ उमटत नाही, ज्याच्याशी भांडताही येत नाही कारण तो कोठे अडतच नाही, असा मनुष्य भोवतालच्या लोकांना प्रथम मोठा शांत आणि सुखावह भासतो. परंतु घरावर आपत्ती कोसळली, पोरके पोर सांभाळायचे झाले, सत्यासाठी एखाद्या बलिष्ठाशी वाकडे घ्यायचे झाले, की त्याची शांती थराथराने निघून जाते, कारण ती शांती त्याच्या स्वतःच्या अंतःकरणातील कोणत्याही दोन गोष्टींना जोडून निर्माण झालेली नसते. गीतेने सांगितलेली अनासक्ती कुरुक्षेत्राच्या मध्यभागी, दोन सैन्यांच्या साक्षीने, शस्त्र खाली ठेवलेल्या मनुष्याला ते पुन्हा उचलावयास सांगते. ज्यात भार घेण्याची शक्ती नाही अशा निसरडेपणाला ती अनासक्ती म्हणत असती, तर अर्जुनाला रथातून उतरून जाण्याची परवानगी पहिल्याच अध्यायात मिळाली असती. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 साली प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्यात ज्ञानोत्तर कर्माचा जो आग्रह धरला आहे, त्याच्याशी शांकर संप्रदायाचा मतभेद सर्वश्रुत आहे. पण त्या दोन्ही पक्षांना एवढे तरी मान्य होईल की संन्यासाचा अधिकार भार वाहून मन शुद्ध झालेल्याचा आहे, भार टाळणाऱ्याचा नव्हे.

चार्नले यांच्या हकीकतीचा पुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. 1962 च्या मे महिन्यात यंत्रचक्रांसाठी प्लॅस्टिक विकणारा एक विक्रेता त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिएथिलीनचा एक नमुना घेऊन आला. चार्नले यांनी तो नखाने दाबून पाहिला आणि निरुपयोगी ठरविला. परंतु त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी तो तुकडा टाकून न देता परीक्षायंत्रावर चढविला आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवले. तीन आठवड्यांनंतर असे आढळले की टेफ्लॉन एका अहोरात्रात जितका झिजला असता, तितकासुद्धा हा पदार्थ झिजला नव्हता. त्याचे घर्षण टेफ्लॉनहून अधिक होते आणि झीज कितीतरी पटींनी कमी होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याची पहिली वाटी मनुष्यदेहात बसविली गेली, आणि आज जगभर कृत्रिम सांध्यांत जो पदार्थ प्रामुख्याने वापरला जातो तो याच कुळातला आहे. त्याच्या प्रत्येक रेणूची साखळी इतकी प्रदीर्घ असते की ती शेजारच्या असंख्य साखळ्यांत गुंतून राहते. ती धातूला थोडी अडते, थोडी ओढली जाते, पण तुटून जात नाही. अडणे हे येथे दुर्बलतेचे लक्षण ठरत नाही. जो आतून बांधलेला आहे त्याचेच ते लक्षण ठरते.

येथपर्यंत दुसऱ्या उत्तराचा विचार झाला. आता पहिल्याकडे, म्हणजे झिजेच्या स्तुतीकडे वळावयाचे आहे, आणि येथे मला अधिक जपून बोलले पाहिजे, कारण त्या स्तुतीच्या छायेत आपल्या आयाबहिणींची, गुरुजनांची, अनाम सेवकांची आयुष्ये गेली आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही.

पॉलिएथिलीनच्या सांध्यांनी काही वर्षे उत्तम सेवा केल्यानंतर शल्यचिकित्सकांच्या नजरेस एक विचित्र गोष्ट येऊ लागली. वाटीची झीज वर्षाला मिलिमीटरच्या दशांशाच्या आसपास, म्हणजे अत्यंत मंद होती. वाटी पुष्कळ जाड शिल्लक होती. आणि तरीही सांध्याभोवतालचे हाड पोखरले जाऊन सगळा सांधा ढिला होत होता. दोष प्रथम सिमेंटवर, म्हणजे हाड आणि सांधा यांना जोडणाऱ्या द्रव्यावर ठेवला गेला, आणि त्या विकाराला सिमेंटचा रोग असे नावही पडले. पण सिमेंटशिवाय बसविलेल्या सांध्यांतही तेच होऊ लागले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली खरा अपराधी सापडला. झिजलेल्या प्लॅस्टिकचे कण, त्यांतील बहुसंख्य एक सहस्रांश मिलिमीटरहूनही लहान, एका पावलागणिक लाखांच्या संख्येने सांध्यात पसरत होते. शरीरातील भक्षक पेशी ते गिळत, पण पचवू शकत नसत. आणि त्या अपचनाने क्षुब्ध झालेल्या पेशी जी द्रव्ये सोडत, त्यांच्या चिथावणीने शरीर स्वतःचेच हाड खाऊ लागे. वाटीने किती गमावले याला फारसे महत्त्व नव्हते. जे गमावले गेले त्याचा भुगा कोठे गेला आणि त्याने काय केले, यावर सांध्याचे आयुष्य अवलंबून होते.

झिजेच्या धर्मशास्त्रात हे कलम आपण कधी घातलेच नाही. कोणी किती झिजले याची नोंद आपल्या दप्तरात असते. त्या झिजेचा भुगा कोठे साठला याची नसते. मी अशी घरे पाहिली आहेत की जेथे एका व्यक्तीने सर्वांसाठी आयुष्य वेचले, आणि ज्यांच्यासाठी वेचले ते सगळे त्या त्यागाच्या स्मरणाने आतून पोखरले गेले. प्रत्येक जेवणात, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक निर्णयात, त्या त्यागाचा एक न पचणारा कण असे. कोणी मोठ्याने बोलत नसे, हिशेब कोणी मागत नसे, पण उपकाराची जाणीव देणाऱ्याच्या मनातून निघून घेणाऱ्याच्या हाडापर्यंत पोहोचलेली असे. असे घर मोडले म्हणजे आपण जोडणाऱ्याला, सुनेला, जावयाला, धाकट्या भावाला, बोल लावतो. तो सिमेंटचा रोग होता असे म्हणतो. खरे कारण त्या अदृश्य भुग्यात असते, आणि तो भुगा पुण्यकर्मातूनच निघालेला असल्यामुळे त्याच्यावर बोट ठेवण्याचे धैर्य कोणाला होत नाही.

कर्मफलत्यागाचा अर्थ मला या ठिकाणी प्रथमच पुरता उमगला असे वाटते. फल म्हणजे द्रव्य, कीर्ती, स्वर्ग एवढेच आपण समजतो, आणि ती न मागणाऱ्याला निष्काम म्हणतो. पण ज्याने काहीच मागितले नाही त्याच्याही कर्मातून एक फल झडत असते, आणि ते ‘मी झिजलो’ या स्मृतीचे असते. हे फल मागावे लागत नाही. ते आपोआप, कणाकणाने, प्रत्येक सेवेबरोबर निर्माण होते, आणि म्हणून त्याचा त्याग इतर सर्व त्यागांहून कठीण आहे. पैठणच्या एकनाथांविषयीची एक आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वराकडे नेत असता वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी ते पाणी पाजले. कथा सांगताना आपण त्यांच्या भूतदयेवर थांबतो. मला तिच्यात अधिक मोलाचे वाटते ते हे की शेकडो कोसांचे ते वाहणे फुकट गेले अशी भावनाच त्यांच्या ठिकाणी उठली नाही, पाणी रामेश्वराला पोहोचले अशीच त्यांची धारणा होती. झीज झाली, भुगा उरला नाही. ज्या एकनाथांनी आपल्या भागवतटीकेची समाप्ती 1573 साली याच काशीक्षेत्रात केली, त्यांना काशीहून काय न्यावे आणि वाटेत ते कसे सोडून द्यावे, हे दोन्ही कळले होते.

परंतु केवळ झिजणाऱ्यालाच हा उपदेश करून थांबणे मोठा अन्याय होईल, कारण झिजेला दोन पृष्ठभाग लागतात, आणि त्यांतील एक कठीण असतो. प्लॅस्टिक आणि धातू यांच्या संघर्षात झीज बहुधा प्लॅस्टिकची होते हे खरे. पण ती किती होईल हे बव्हंशी धातूच्या पृष्ठावर अवलंबून असते. आरशासारख्या घोटलेल्या धातूवर सरकण्याच्या दिशेला आडवा असा एक ओरखडा पडला, आणि त्याच्या काठाशी डोळ्याला न दिसणारा धातूचा कंगोरा उभा राहिला, तरी तेवढ्या एका कंगोऱ्याने प्लॅस्टिकची झीज अनेक पटींनी वाढते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. बाकीचा सगळा पृष्ठभाग निर्दोष असून उपयोग होत नाही. यंत्रशास्त्रज्ञ अशा वेळी प्लॅस्टिकला सहनशीलतेचे धडे देत बसत नाही. तो धातू पुन्हा घोटतो.

आमच्या समाजात हे उलट घडत आले. काशीवासाच्या नावाखाली महाराष्ट्रातून विधवा स्त्रिया येथे पाठविल्या गेल्या, वर्षासनाच्या तुटपुंज्या रकमेवर त्यांनी गल्लीबोळांतल्या अंधाऱ्या खोल्यांत आयुष्ये काढली, आणि त्यांच्या झिजेला तपश्चर्या हे भूषणावह नाव देऊन ज्यांनी त्यांना पाठविले ते घरोघरी निश्चिंत राहिले. त्यांच्या तपाला मी मनोभावे वंदन करतो. परंतु ते वंदन त्यांना पाठविणाऱ्यांच्या पारड्यात पडू नये. त्या काळच्या अन्नछत्रांविषयीही हेच म्हणावे लागते. अमृतरावांसारख्या सरदारांनी आपल्या तैनातीतून अन्नदान केले, राज्य गेलेल्या मनुष्याने संपत्तीचा असा विनियोग करावा ही उदारताच होय. पण त्या युगातील अन्नछत्रांच्या पंक्ती बहुतांशी ब्राह्मणांपुरत्या असत, आणि भुकेला जात विचारणारा तो आडवा ओरखडा दानाच्या सगळ्या घोटीव पृष्ठभागावर ठळक राहिला. झिजण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो स्वतःचे कंगोरे ज्याने आधी घासून काढले आहेत त्यालाच आहे. पती, पिता, मालक, महंत, सरकार, ज्याच्या ज्याच्या हाती काठिण्य आहे, त्याचा पहिला धर्म इतरांच्या सहनशीलतेची प्रशंसा करणे हा नसून स्वतःच्या पृष्ठाची तपासणी करणे हा आहे.

आणि कठीण बाजूने असेही समजू नये की तिला या व्यवहारात काहीच गमवावे लागत नाही. गढूळ पाण्यात चालणाऱ्या यंत्रात वाळूचा कण मऊ प्लॅस्टिकमध्ये रुतून बसतो, आणि मग ते मऊ प्लॅस्टिकच त्या कणाच्या धारेने पोलादी दांड्यावर खाचा पाडू लागते. दुर्बलाच्या अंतःकरणात रुतलेला अन्याय बलवानाला कसा कापतो, याचा दाखला इतिहासाच्या कोणत्याही बखरीत पाहावा.

आणखी एक गोष्ट या शास्त्राने दाखविली आहे, आणि साधकाने तिचा विचार करावा असे मला वाटते. पॉलिएथिलीन धातूवर एकाच सरळ रेषेत पुढेमागे घासले, तर त्याच्या साखळ्या त्या दिशेने ओळीत लागतात आणि झीज अतिशय कमी भरते. कित्येक वर्षे प्रयोगशाळांतील सरळरेषेतल्या परीक्षांनी या पदार्थाविषयी असा फाजील विश्वास उत्पन्न केला होता. परंतु मनुष्याचे पाऊल सरळ रेषेत पडत नाही, ते वळते, मुरडते. आणि जी साखळी एका दिशेने बळकट झाली तीच आडव्या ओढीने सहज फाटते. उपाय सापडला तो असा की पदार्थावर किरणांचा मारा करून साखळ्यांना परस्परांशी आडवे बंध निर्माण करावयाचे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस असे बद्धशृंखल पॉलिएथिलीन वापरात आले आणि झीज पूर्वीच्या मानाने फारच खाली आली. एका नेमाने, एका कोठडीत, एकाच दिशेने घोटलेली साधुता आपल्या रेषेत अढळ दिसते, आणि आयुष्याने अकल्पित वळण घेतले की फाटते. जिचे बंध शेजाऱ्याशी, भिन्न मताच्या मनुष्याशी, मुलांशी, श्रमिकांशी आडवे गुंफले गेले आहेत, ती वळणातही टिकते. वारकऱ्यांनी एकांतापेक्षा संतसंगाला जे माहात्म्य दिले, त्याचा एक अर्थ मी असा लावतो.

येथे कोणी वेदान्ती असा आक्षेप घेईल की हे सर्व विवेचन देहाचे आणि मनाचे झाले. आत्मा तर झिजतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी या जमाखर्चाचे प्रयोजन काय? आक्षेप गंभीर आहे. राजा घाटाच्या दक्षिणेस हरिश्चंद्र घाट आणि उत्तरेस मणिकर्णिका आहे. दोन्ही ठिकाणच्या चितांत हल्ली कृत्रिम सांधे असलेले देह येतात, आणि त्या अग्नीत पॉलिएथिलीन जळून जाते, तर कोबाल्ट-क्रोमियमचा तुकडा राखेत तसाच राहतो. न झिजणारा म्हणून तोच श्रेष्ठ, असे कोणी म्हणणार नाही; त्या तुकड्याचे अविनाशित्व जड आहे. आत्म्याचे अविनाशित्व श्रुतींनी गाईले ते मनुष्याने काठिण्य संपादन करावे म्हणून नव्हे, तर झिजण्याचे भय त्याच्या मनातून जावे म्हणून. ज्याची अशी खात्री पटली की आपल्यात जे सारभूत आहे ते कोणत्याही संपर्काने उणे होत नाही, त्यालाच उरलेले सर्व निर्धास्तपणे वापरावयास देता येते, आणि दिल्यावर त्याचा हिशेबही मागावासा वाटत नाही. भुगा साठतो तो भयामुळे, आपण संपत चाललो या समजुतीमुळे. म्हणून आत्मज्ञान हे झिजेच्या जमाखर्चातून सुटण्याचे निमित्त नसून तो जमाखर्च स्वच्छ ठेवण्याचे एकमेव साधन आहे.

चार्नले यांच्या चरित्रातील दोन गोष्टी मला एखाद्या धर्मग्रंथातील आचारनियमांइतक्या पूज्य वाटतात. टेफ्लॉनच्या भुग्याने रुग्णांच्या शरीरात काय अनर्थ केला हे कळल्यावर त्यांनी त्या पदार्थाचे सूक्ष्म चूर्ण स्वतःच्या मांडीत घालून घेतले, काही महिन्यांनी तेथे उठलेल्या गाठी तपासल्या, आणि तो अनुभव 1963 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे आपल्या रुग्णांना ते अशी विनंती करीत की मृत्यूनंतर तो सांधा परीक्षेसाठी परत मिळावा, आणि अनेक रुग्ण संतोषाने संमती देत. आपल्या कर्माचा भुगा प्रथम आपल्या देहात घालून पाहावा, आणि आपण इतरांच्या आयुष्यात जे बसविले ते शेवटी परत मागवून, कोठे किती झिजले आणि त्याने भोवती काय पोखरले, हे डोळ्यांनी पाहण्याची तयारी ठेवावी, यापेक्षा निराळे असे आत्मपरीक्षण कोणत्या संप्रदायाने सांगितले आहे?

म्हणून झीज पुण्य की ऱ्हास, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की नुसत्या झिजेला दोहोंपैकी कोणतेही नाव देता येत नाही. झिजलेल्याने आपल्या झिजेचा कण दुसऱ्याच्या अंतःकरणात सोडला नसेल, आणि ज्याच्याशी घासून ती झीज झाली त्याने आपला पृष्ठभाग घोटून ठेवण्यात कसूर केली नसेल, तर ती झीज पुण्यरूप आहे. यांपैकी पहिली अट मोडली तर त्याग विषारी होतो. दुसरी मोडली तर तो अत्याचार होतो, मग त्याला तपश्चर्येचे कितीही सुंदर नाव दिलेले असो. यापुढे कोणाच्या झिजण्याची स्तुती करण्याचा प्रसंग आला, तर ती करण्यापूर्वी आपण सहाण कोणती होती हे विचारावे. आणि आपण स्वतः झिजत असू, तर त्या झिजेची पावती कोणाकडूनही न मागता पुढील पायरी चढावी.